ट्रॅकिओस्टॉमीच्या पेशंटचा केअर प्लॅन लिहायला बसण्याआधी

गळ्याला छिद्र करून श्वासनळीत नळी बसवलेल्या या पेशंटजवळ आधी पाच मिनिटं उभं राहा. घरघर ऐकू येते का, स्राव पातळ आहे की चिकट, रंग कोणता, खोकल्याला जोर किती, श्वास मिनिटाला किती, ऑक्सिजन सॅच्युरेशन किती, हे टिपून घ्या. आजचा आकडा नसेल तर उद्या सुधारणा झाली हे कशावरून ठरवणार? नळी कधी बसवली, साईझ काय, नळीला कफ (म्हणजे श्वासनळीत फुगवायचा हवेचा फुगा) आहे का, आतली नळी निघते का, हेही फाईलमधून बघा. स्वरयंत्र काढलेलं आहे का, हे तर विचाराच. काढलेलं असेल तर तोंडानाकावाटे दिलेला ऑक्सिजन फुप्फुसात पोचतच नाही.

मग उशाशी काय आहे ते हात लावून तपासा. त्याच साईझची एक नळी, एक साईझ लहान दुसरी, ऑब्च्युरेटर (नळी आत घालताना वापरायची सळई), अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), कफसाठी 10 मिलीची सिरिंज. स्राव ओढून काढणारं सक्शन मशीन नुसतं दिसून उपयोग नाही, चालू करून बघा. पहिल्या आठवड्यात छिद्रातून श्वासनळीत जाणारा मार्ग पक्का झालेला नसतो, निघालेली नळी परत घालताना ती भलतीकडे जाऊ शकते. म्हणून त्या दिवसांत ‘नळी जागेवर राहील’ हे उद्दिष्ट सगळ्यात वर हवं. नळी धरून ठेवणारी गळ्याची पट्टी, तिच्याखाली एक बोट जाईल एवढीच सैल ठेवा.

‘श्वासमार्ग मोकळा राहील’ असं आपण सगळ्याच लिहितो, पण त्यातून पुढच्या ड्यूटीच्या सिस्टरला काहीच कळत नाही. त्याऐवजी लिहा: पुढच्या 8 तासांत सक्शननंतर घरघर राहणार नाही, श्वास मिनिटाला 12 ते 20, सॅच्युरेशन डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेत. सीओपीडीच्या (फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या) पेशंटला ती मर्यादा बहुधा 88 ते 92 टक्के असते, सगळ्यांना एकच आकडा लावू नका. सक्शन गरजेप्रमाणे, घड्याळ लावून नाही. मोठ्या माणसाला दाब 80 ते 120 एमएमएचजी, एका वेळी 10 ते 15 सेकंद, कॅथेटर नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. कफचा दाब 20 ते 30 सेंटीमीटर पाणी, तोही मॅनोमीटरनेच (दाब मोजायच्या यंत्राने) मोजा, नळीला बाहेर लटकणारा छोटा फुगा बोटांनी दाबून अंदाज बांधू नका. हवा ओली करण्याचं नाकाचं काम आता होत नाही, तेव्हा ह्युमिडिफिकेशन प्लॅनमध्ये आलंच पाहिजे, नाहीतर स्राव सुकून नळी बुजते.

बोलण्याचं उद्दिष्ट मात्र बहुतेक प्लॅनमध्ये शेवटी येतं किंवा येतच नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. एका पेशंटची बेल उजव्या हाताशी बांधलेली होती आणि त्यांचा उजवा हातच लुळा होता. रात्रभर ते डाव्या हाताने कॉटचा कठडा वाजवत राहिले. पहिल्याच दिवशी लिहा: आजच्या ड्यूटीत पेशंट ‘दुखतंय’, ‘सक्शन हवं’, ‘भीती वाटतेय’ हे पाटीवर, चित्रावर बोट ठेवून किंवा डोळ्यांनी सांगू शकेल. बेल चालत्या हाताशी. पुढे स्पीकिंग व्हॉल्व्ह (बोलता यावं म्हणून नळीच्या तोंडावर लावायची, हवा फक्त आत घेणारी झडप) लावायचा असेल, तर कफ पूर्ण रिकामा केल्याशिवाय तो लावायचा नाही, हे लाल पेनाने लिहा. कफ फुगलेला असताना व्हॉल्व्ह लावला तर पेशंट श्वास आत घेतो, पण सोडू शकत नाही.

घरी जाणाऱ्यांसाठी ‘नातेवाइकांना माहिती दिली’ एवढं पुरत नाही. ‘मुलीने माझ्यासमोर स्वतः सक्शन केलं आणि आतली नळी धुऊन परत बसवली’ असं तारखेसह लिहिता आलं पाहिजे.