सिनेटरच्या दप्तरात हात घालताना या चुका टाळा

डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांची कागदपत्रं वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. ती बघायला निघालेली आपल्याकडची मंडळी दर उन्हाळ्यात मला फोन करतात. विषय बहुतेक ठरलेला असतो: पीएल ४८०, म्हणजे अमेरिकेने ज्याखाली भारताला रुपयांत गहू विकला तो कायदा. मॉयनिहन १९७३ ते १९७५ भारतात अमेरिकेचे राजदूत होते. अमेरिकन गव्हाच्या बदल्यात इथे साठलेल्या रुपयांपैकी १,६६४ कोटींचा चेक फेब्रुवारी १९७४मध्ये त्यांनीच भारत सरकारला दिला. पुढे १९७७पासून २००१पर्यंत ते न्यूयॉर्कचे सिनेटर. विषय झकासच आहे, पण चुका इतक्या त्याच त्या की मला तोंडपाठ झाल्यात.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे फोटो काढायचे आणि कागदाचा पत्ता लिहायचा नाही. पुण्याचा एक पीएचडीचा मुलगा होता. हुशार, पण घाई अशी की जणू बाहेर रिक्षा उभी आहे. वाचनकक्षात एका वेळी एकच फोल्डर बॉक्सबाहेर काढायचा आणि त्याच्या जागी खुणेचं कार्ड ठेवायचं, एवढं त्याने पाळलं. बाकी मोबाइलवर नुसता धडाका, ‘वाचू की घरी जाऊन’. बॉक्सचे नंबर वहीत टिपले होते, त्याचंही त्याला केवढं कौतुक! पण हा संग्रह दोन भागांत आहे. नंबराआधी भाग पहिला की दुसरा हे लिहिलं नाही, तर त्या नंबराला काही अर्थ नाही. फोल्डरची नावं तर त्याने घेतलीच नव्हती.

त्यात रुपयांच्या व्यवहारावरचं एक टिपण त्याला सापडलं. फार कामाचं, पण त्यावर ना तारीख ना नाव. अशा कागदाची तारीख शेजारचे कागद सांगतात: आधी काय लागलंय, नंतर काय, फोल्डरवर कोणते महिने लिहिलेत. याच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. वर फोटो सुबक दिसावेत म्हणून पानांच्या कडा कापलेल्या. गाइडबाईंनी ते टिपण प्रबंधातून काढायला लावलं. बरोबरच केलं त्यांनी.

माझी सवय सांगतो. फोल्डर उघडायच्या आधी त्याच्या पट्टीचा फोटो. मग तिथेच मागून घेतलेल्या कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने भाग, बॉक्स, फोल्डर लिहायचं (पेन आत चालत नाही) आणि ती चिठ्ठी प्रत्येक पानाच्या कडेला ठेवूनच फोटो घ्यायचा. वेळ जातो. जाऊ दे. हल्ली फोटोंचा गठ्ठा एआयला देऊन ‘सारांश काढ’ म्हणतात. तारीखच कापलेली असेल तर तो बिचारा तरी कुठून आणणार?

दुसरी चूक जरा सभ्य आहे. खाली सही दिसली की ‘मॉयनिहन म्हणतात’ असं लिहून मोकळं व्हायचं. अहो, सिनेटरच्या कार्यालयात मतदारांच्या पत्रांचे ढीग येतात. उत्तरं कर्मचारी लिहितात, ठरावीक परिच्छेद जोडतात, आणि सही बऱ्याचदा ऑटोपेन नावाचं यंत्र करतं. म्हणून कार्बन प्रतीवर डाव्या कोपऱ्यात खाली लिहिलेली आद्याक्षरं बघायची; मजकूर कुणाचा आणि टाइप कुणी केला, याचा माग तिथून लागतो. (त्या मुलाच्या फोटोंत नेमका हाच कोपरा गेला होता.) साहेबांना शोधायचं ते मसुद्यात: हाताने खोडलेलं वाक्य, समासातला शेरा. गुळगुळीत अंतिम पत्रापेक्षा चार ठिकाणी खाडाखोड केलेला मसुदा मी कधीही आधी मागवीन.

ऑनलाइन यादीत नुसतं ‘इंडिया’ टाकून शोधू नका. यादीत फोल्डरची नावं असतात, आतला मजकूर नसतो. अख्खी यादी वाचा. कंटाळा येतो हे मान्य.

बॉक्स आधी मागवून ठेवा. काही दुसरीकडे ठेवलेले असतात आणि यायला वेळ लागतो. विमानतळावरून थेट वाचनकक्षात येणाऱ्यांना मी आता काही बोलत नाही.

इथली आरटीआयची सवय तिथे चालत नाही. अमेरिकेचा माहिती कायदा त्यांच्या काँग्रेसला, म्हणजे संसदेला, लागूच नाही. सिनेटरची कागदपत्रं ही त्यांची खाजगी मालमत्ता. देताना घातलेल्या अटी संस्था पाळते. नागरिकांनी वैयक्तिक अडचणींसाठी केलेला पत्रव्यवहार तर मागूच नका.

फोल्डरमध्ये कागदाऐवजी, तो गोपनीय असल्याने ‘काढून घेतला’ असा तक्ता दिसला, तर रुसून बसू नका. त्यावरची तारीख, कुणाकडून, कुणाला हे टिपा. दूतावासाची तार असेल तर १९७३पासूनच्या खुल्या झालेल्या तारा अमेरिकन नॅशनल आर्काइव्हजच्या साइटवर फुकट शोधता येतात. गंमत म्हणजे नव्वदच्या दशकात सरकारी गोपनीयता कमी करण्यासाठी नेमलेल्या आयोगाचे अध्यक्ष हेच मॉयनिहन होते.

आणि सिनेटच्या समित्यांच्या फायली या दप्तरात शोधू नका. त्या सिनेटच्या मालकीच्या असतात, नॅशनल आर्काइव्हजमध्ये जातात आणि साधारण २० वर्षांनी उघडतात. नाजूक असतील तर ५०.