वर्षावनात उत्खननाला निघण्याआधी: वस्तीबाहेरची माती विसरू नका

मागच्या मोसमात वर्षावनातल्या एका जुन्या वस्तीच्या जागेवरून आम्ही मातीच्या ९४ पिशव्या आणल्या. प्रत्येकीवर खड्डा, थर, खोली, तारीख, सगळं नीट लिहिलेलं. प्रयोगशाळेत फॉस्फरस भरपूर निघाला, कोळशाचे कण निघाले, ताडवर्गीय झाडांचे फायटोलिथही (झाडांच्या पेशींत तयार होणारे, झाड कुजल्यावरही मातीत उरणारे सिलिकाचे सूक्ष्म कण) खूप सापडले. मग तपासणाऱ्या सहकाऱ्याने विचारलं, ‘भरपूर’ म्हणजे कशाच्या तुलनेत? वस्तीच्या बाहेरच्या मातीची एकही पिशवी आमच्याकडे नव्हती. परत जायचं तर परवान्याची मुदत संपली होती आणि पाऊस लागला होता. त्या ९४ पिशव्यांमध्ये माणसाचा वावर किती आणि जंगलाचं आपलं आपण साठलेलं किती, हे आजही सांगता येत नाही. तुमचं असं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

उत्खननाचा परवाना लागतो हे वेगळं सांगायला नको. पण माती देशाबाहेर नेण्याची परवानगी आणि ती जिथे उतरणार त्या देशाची माती आत आणू देण्याची परवानगी हे दोन निराळे कागद आहेत आणि दोन्हींना वेळ लागतो. त्या जंगलात राहणाऱ्या लोकांची संमती सगळ्यात आधी घ्या. कुठे खणणार, काय नेणार, काय परत आणून देणार, हे त्यांच्या भाषेत, गावासमोर बसून सांगा, आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर ती जागा सोडा. परवान्याच्या अर्जात आम्ही केलेली चूक मात्र करू नका. आम्ही फक्त वस्तीची हद्द आखून दिली होती. बाहेरच्या खड्ड्यांची ठिकाणंही अर्जातच लिहा, नाहीतर जागेवर आठवण झाली तरी तिथे कुदळ लावायचा अधिकार तुमच्याकडे नसेल.

आता ती बाहेरची माती. पुढचं काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा.

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या ‘तेरा प्रेता’ मातीचं उदाहरण घ्या. काळी, कोळशाने आणि खापरांनी भरलेली, फॉस्फरस आणि कॅल्शियमने समृद्ध अशी ही माती बहुतेक ठिकाणी २,५०० ते ५०० वर्षांपूर्वीच्या काळात माणसांच्या राहण्यातून तयार झाली. राख, हाडं, उष्टं-खरकटं, मलमूत्र शतकानुशतकं एका जागी पडत राहिलं. हे आपण ठामपणे म्हणू शकतो कारण शेजारची माती पिवळट-तांबूस, आम्लधर्मी आणि निकस आहे. ती शेजारची माती कुणी मोजलीच नसती तर काळ्या मातीचे आकडे नुसते आकडे राहिले असते. कोळशाचंही तसंच. मोठ्या दुष्काळात वर्षावनही पेटतं. थरात कोळसा मिळाला म्हणजे माणसानेच जाळलं असं होत नाही. बाहेरच्या खड्ड्यात त्याच काळाचा कोळसा किती आहे हे बघितल्याशिवाय बोलूच नये.

न्यू गिनीच्या डोंगराळ भागातली कुक दलदल बघा. तिथे सुमारे ७,००० ते ६,५०० वर्षांपूर्वीच्या थरांत केळीचे फायटोलिथ मोठ्या प्रमाणात मिळाले. त्यावरून लागवडीचा निष्कर्ष निघाला, कारण त्या वेळी आसपास गवताळ जमीन होती आणि अशा जमिनीत केळी आपणहून इतकी वाढत नाही. आजूबाजूला काय होतं हे माहीत होतं म्हणूनच केळीला अर्थ आला.

खड्डा कुठे घ्यायचा, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. शंभर पावलं चालून गेलं की ‘बाहेर’ आलो असं होत नाही. तेरा प्रेताच्या भोवती कित्येकदा तपकिरी रंगाचा पट्टा असतो, त्यात खापरं जवळजवळ नसतात, आणि ती बहुधा त्या लोकांची शेतं होती. तिथे खड्डा घेतलात तर शेताची तुलना घराशी कराल. त्याच्याही पलीकडे जा. मूळ खडक तोच, उतार साधारण तोच, पाण्याचा निचरा तसाच, अशी जागा शोधा. नदीकाठच्या वस्तीची तुलना टेकडीवरच्या मातीशी होत नाही. जुनी पायवाट, सोडलेली बाग, अलीकडे जाळलेलं रान टाळा. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना कुठे काय होतं ते ठाऊक असतं. किमान तीन खड्डे घ्या, वेगवेगळ्या दिशांना आणि वेगवेगळ्या अंतरांवर. ब्राझीलच्या आक्रे राज्यातल्या भूचित्रांचा (जमिनीत चर खणून काढलेल्या प्राचीन भव्य आकृत्यांचा) अभ्यास करणाऱ्यांनी भूचित्रापासून काही किलोमीटर दूरपर्यंत ओळीने खड्डे घेतले होते. त्यामुळेच भूचित्रं बांधताना तिथलं जंगल सरसकट तोडलं नव्हतं असं ते म्हणू शकले.

बाहेरचा खड्डा वस्तीच्या खड्ड्याइतकाच खोल हवा. आत दर ५ सेंटिमीटरला नमुना घेताय तर बाहेरही दर ५ सेंटिमीटरलाच. वरवरची दोन मुठी माती भरून ‘घेतला नमुना’ म्हणणारे मी पाहिलेत. त्याचा काही उपयोग नाही. शिवाय आजच्या जंगलाच्या जमिनीवरून वीस-पंचवीस ठिकाणची चिमूट-चिमूट माती एकत्र करून एक वेगळी पिशवी भरा आणि त्या जागी आज कोणती झाडं आहेत ते वनस्पती ओळखणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. आजच्या झाडांची मातीत कशी खूण उरते हे कळलं तरच जुनी खूण वाचता येते. आणि एक गोष्ट मनात धरून ठेवा: पूर्ण अस्पर्श जंगल बहुधा मिळणारच नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, माणसाने कमी-अधिक माणसाळवलेल्या ८५ वृक्षजाती अ‍ॅमेझॉनमधल्या प्राचीन वस्त्यांच्या जवळपास जास्त आढळल्या. एकाच बाहेरच्या खड्ड्यावर विसंबू नका ते याचसाठी.

आणि हे पहिल्या दिवशी करा. शेवटच्या दिवसावर टाकलंत की पाऊस येतो, कुणीतरी आजारी पडतं, होडी लवकर निघते. पहिल्या दिवशी सगळ्यांना वस्तीत कुदळ मारायची घाई असते, ती आवरा.

‘पुढच्या वर्षी येऊन घेऊ’ हेही मनातून काढा. आयव्हरी कोस्टमधल्या बेते-१ या जागेवर माणसं सुमारे १,५०,००० वर्षांपूर्वी दमट जंगलात राहत होती असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. ती जागा मधल्या काळात खाणकामात नष्ट झाली आहे. २०२० साली तिथून जे नमुने घेतले गेले तेवढेच हाती आहेत.

हत्यारांत ट्रॉवेल, ऑगर (खोलवरची माती वर काढणारं हातगिरमिट), चाळण्या, मातीच्या रंगाचं पुस्तक हे तुम्ही घ्यालच. ताडपत्री दुप्पट घ्या. एक खड्ड्यावर, आणि एक वाहून येणारं पाणी वळवायला, खड्ड्याच्या वरच्या अंगाला चर खणून. पाणी उपसायला हातपंप ठेवा. लेबलं न भिजणाऱ्या कागदावर, शिसपेन्सिलीने, पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक. शाईवर विश्वास ठेवू नका. हवाई लायडारचे (विमानातून लेसर सोडून झाडांखालच्या जमिनीचा उंचसखलपणा मोजण्याच्या तंत्राचे) नकाशे असतील तर छापून, प्लास्टिकमध्ये घालून न्या, कारण झाडांच्या दाट छताखाली जीपीएस कित्येक मीटर चुकतो. लायडारमुळे मोठं काम झालंय: इक्वाडोरच्या उपानो खोऱ्यात हजारो मातीचे चौथरे आणि रस्ते दिसले, बोलिव्हियात कासाराबे संस्कृतीची मोठी वसाहत दिसली. पण लायडार आकार दाखवतो, वय सांगत नाही आणि कुणी काय खाल्लं हेही सांगत नाही. त्यासाठी पुन्हा मातीच लागते. आतली आणि बाहेरची.

नमुने घेताना खड्ड्याच्या भिंतीच्या तळापासून वर या, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यात पडणार नाही. हातमोजे पावडर नसलेलेच घ्या. पावडरच्या मोज्यांवर मक्याचा स्टार्च असतो आणि तुम्ही दगडी हत्यारावर मक्याचाच स्टार्च शोधत असाल तर सगळं वाया गेलं. त्याच कारणाने स्वयंपाकाची जागा खड्ड्यापासून दूर ठेवा. मुंग्या, वाळवी, मुळं आणि उन्मळलेली झाडं माती खालीवर करतात, म्हणून प्रत्येक बिळाची आणि मुळाची नोंद भिंतीच्या रेखाचित्रात हवी. उघड्या जागेवर हाडं मिळतील या भरवशावर जाऊ नका, आम्लधर्मी माती ती खाऊन टाकते. बोर्निओतल्या नियाह गुहेत १९५८ साली मिळालेली कवटी किंवा श्रीलंकेतल्या फा हिएन लेना गुहेतली, माकडं-खारींच्या शिकारीचा सुमारे ४५,००० वर्षांपूर्वीचा पुरावा देणारी हाडं, ही गुहांमुळे टिकली.

कालमापनाला लाकडाचा मोठा कोळसा निवडू नका. जुन्या झाडाच्या गाभ्याचं वय आगीच्या वेळेपेक्षा शेकडो वर्षं जास्त निघू शकतं. ताडाच्या फळांची जळकी टरफलं, बिया घ्या. कार्बन-१४ सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच चालतो. त्यामागे जायचं असेल तर ल्युमिनेसन्ससाठी (मातीतल्या कणांवर शेवटचा उजेड कधी पडला ते काढण्याची पद्धत) मातीचे नमुने अपारदर्शक नळ्यांत, दोन्ही टोकं बंद करून, उजेड न लागता. बाहेरच्या खड्ड्यातूनही कोळसा घ्या आणि त्याचंही वय काढा. खर्च वाढतो, हो. तरी काढा.

तब्येतीचं: पीतज्वराची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी, मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून, जखम झाकल्याशिवाय साचलेल्या पाण्यात उतरायचं नाही. झोपायचा झोपाळा बांधण्याआधी वर बघा, वाळकी फांदी असेल तर दुसरं झाड. सर्पदंशावरचं प्रतिविष कोणत्या दवाखान्यात आहे आणि तिथे पोचायला किती तास लागतात हे कागदावर लिहून सगळ्यांकडे द्या. सॅटेलाइट फोन.

परतताना खड्डे बुजवा. पिशव्या थंड जागी, बुरशी लागणार नाही अशा. उघड्यावर वाळवू नका, आजचे परागकण बसतात. नोंदवह्यांचे फोटो रोजच्या रोज.

आणि होडीत सामान चढवण्याआधी पिशव्या दोन ढिगांत मोजा: वस्तीच्या किती, बाहेरच्या किती. बाहेरच्या तिन्ही खड्ड्यांच्या पिशव्या, तळापासून वरपर्यंत, सगळ्या सापडल्याशिवाय होडी सोडू नका.