सपाटीवरून स्पीतीला: सोलापूरच्या सायकलवाल्यांसाठी

दुकानात येणारी पोरं विचारतात, "काकू, स्पीतीत रोज किती किलोमीटर मारायचे?" मी त्यांना उलट विचारते, "रात्री झोपणार कुठे, आणि ते गाव किती उंचीवर आहे?" माझं औषधांचं दुकान आहे, म्हणून कदाचित मला आधी तेच सुचतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आणि हिमाचलातल्या स्पीतीचं मुख्य गाव काझा सुमारे ३,६५० मीटरवर. तिथे हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या जवळपास दोन तृतीयांश उरतो. शरीर हा फरक हळूहळू भरून काढतं, आणि त्यात झोपायच्या जागेची उंची सगळ्यात महत्त्वाची. त्यामुळे वहीत आधी मुक्कामाची गावं लिहा, त्यापुढे उंची, आणि किलोमीटर सगळ्यात शेवटी.

नियम सोपा आहे. ३,००० मीटरच्या वर गेलात की पुढची रात्र आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एका गावात एक रात्र जास्तीची. दिवसा त्याहून वर जाऊन आलात तरी चालतं, फक्त झोपायला खाली या.

म्हणूनच सुरुवात मनालीकडून करू नका, सिमल्याकडून करा. मनाली दोन हजार मीटरच्या जरा वर आणि कुंझुम खिंड ४,५५१ मीटर. मधे नीट जम बसवायला गावं नाहीत, त्यामुळे सपाटीवरची माणसं तिथे हटकून आजारी पडतात. सिमल्याचा रस्ता लांब आहे, काझ्यापर्यंत चारशे किलोमीटरच्या वर, पण तोच तुम्हाला तयार करत नेतो. नारकंडा, मग सतलजच्या काठी उतरून रामपूर, पुढे तापरी, रिकाँग पिओ आणि वर कल्पा, २,९६० मीटर. कल्प्याला दोन रात्री राहाच. समोर किन्नर कैलास दिसतो म्हणून नव्हे, पुढच्या चढासाठी. मोकळ्या दिवशी सायकलला हात लावू नका, वरच्या कुरणांकडे चालत जाऊन या.

पुढचा मुक्काम स्पिलो किंवा पूह, दोन्ही कल्प्यापेक्षा खाली. मग खाब, जिथे स्पीती नदी सतलजला मिळते. तिथून राष्ट्रीय महामार्ग ५०५ नाकोकडे वर चढतो. हजार मीटरहून जास्त चढ आहे, झाड नाही, सावली नाही. आपल्या वाई-पाचगणीचा पसरणी घाट एकावर एक दोनदा रचला तर जेवढा होईल, तेवढा. पहाटे निघा आणि मानेवर ओला पंचा टाका. पाणी प्रत्येकी तीन लिटर घ्या, कमी नको. नाको ३,६६० मीटर, म्हणजे कल्प्याहूनच ७०० मीटरची उडी, आणि आदल्या मुक्कामाहून त्याहूनही मोठी. इथे आपला नियम मोडतो, म्हणून नाकोलाही दोन रात्री. त्यानंतरचं ताबो ३,२८० मीटरवर आहे, तिथे शरीराला आयती विश्रांती मिळते. ताबोचा मठ ९९६ सालचा, मातीच्या भिंतींचा. आत चित्रांवर टॉर्च मारू नका, फोटो काढू नका. त्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा.

डोकेदुखी, मळमळ, जेवण नको वाटणं, झोप उडणं, चक्कर ही विरळ हवेची लक्षणं. डोकं दुखत असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. वाढलं तर खाली, रात्र असली तरी खाली. बसल्या जागी धाप लागली, खोकला थांबेना, किंवा टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येईना, तर वेळ घालवू नका, मिळेल ती गाडी पकडून खाली उतरा आणि दवाखाना गाठा. या त्रासावरची डायमॉक्सची गोळी अनेकांना उपयोगी पडते, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मागायला आलेल्यांना मी परत पाठवते. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना ते आधी सांगायलाच हवं. आणि गोळी घेतली म्हणून चढायचा वेग वाढवायचा नसतो.

तयारी घरूनच होते. कोजागरीला आपली माणसं चालत तुळजापूरला जातात, तोच रस्ता. पंचेचाळीसेक किलोमीटर, शेवटी घाट. ट्रकची वर्दळ फार, म्हणून उजाडताच निघा. मागच्या बॅगांत बारा किलो वजन भरा (मी तांदळाच्या पिशव्या भरते) आणि घाट चढा, उतरा, परत चढा, सीटवरून न उठता. दम लागला तरी बोलता आलं पाहिजे, हा वेग. बोलता येईना म्हणजे गिअर आणखी हलका करायचा. आषाढात विजापूर रोडला समोरून वारा असतो, तोही सोडू नका. तासन्‌तास हळू जात राहण्याचा कंटाळा पचवायला तो शिकवतो, आणि डोंगरात तेच लागतं. निघण्याआधी एकदा पसरणी घाट सामानासकट करून या.

सायकल महागडी नको, पण गिअर मात्र हलके हवेत. पुढे २२ दातांची चकती, मागे ३४ दातांची, असं असेल तर एका पेडलफेरीत सायकल सव्वा मीटरच्या थोडी पुढे सरकते. मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी पावणेपाच किलोमीटर. म्हणजे चालण्याचाच वेग, आणि सामान घेऊन चढताना तो अगदी योग्य आहे. रोड बाईकचे गिअर इथे गुडघे खातात. टायर पावणेदोन ते दोन इंची घ्या. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, चेन तोडायचं हत्यार आणि जोडकडी, मागच्या चाकाच्या नेमक्या मापाचे चार स्पोक, ब्रेक पॅडचा एक जोड. आणि गिअरचा हँगर, म्हणजे मागचा गिअर ज्यावर लटकतो ती छोटी पट्टी. तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, सायकल एका कुशीवर आपटली की वाकतो, आणि तुमच्या मापाचा काझ्यात मिळेल या भरवशावर राहू नका. नाकोहून खाली उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा.

खाण्याबद्दल मात्र मी सविस्तर सांगणार, कारण उंचीवर भूक मरते आणि अनोळखी चव घशाखाली उतरत नाही. आपल्याकडे यावर तयार उपाय आहे: कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ज्वारीची कडक भाकरी नीट वाळलेली असली की कित्येक दिवस टिकते, वजनाला काहीच नाही. चटणीत तेल, प्रथिनं, मीठ, तिखट सगळं आलं. भाकरी बॅगेत मोडते, म्हणून स्टीलच्या चपट्या डब्यात उभी रचा, कडेला वर्तमानपत्र ठासा. ढाब्यावरच्या गरम डाळीत चुरून खाल्ली की पोट भरतं. माझी सोबतीण सोलापूरच्या पूर्व भागातली, घरात तेलुगू बोलणारी. ती चिंच-गुळाच्या गोळ्या करून आणते. तोंडाला कोरड पडली की एक गोळी पुरते. कच्चा तांदूळ आणि डाळ मात्र नेऊ नका. चार हजार मीटरवर पाणी ८७ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय काही शिजत नाही.

सोलापुरी चादर घरीच ठेवा. सुती असल्याने जड आणि भिजली की वाळत नाही. होमस्टेत जाड रजया मिळतात. त्याऐवजी दोन-तीन नॅपकिन न्या. घरधनीण बाईंना निघताना एक द्यावा, हलका असतो आणि आपल्या गावचा असतो. पैसे मात्र ठरल्याप्रमाणे पूर्ण द्या, घासाघीस नको. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत त्यांना वर्षाची बेगमी करायची असते. नोटा भरपूर ठेवा, नेटवर्क नसलं की मोबाइलवरून पैसे देता येत नाहीत.

गावांत पाणी जपून वापरा. स्पीती हिमालयाच्या पर्जन्यछायेत आहे, शेती सगळी बर्फाच्या पाण्यावर, पाटानं आणलेल्या. सोलापूरकरांना हे वेगळं समजावायला नको. संडास बहुतेक कोरडे असतात आणि त्याचं खत शेतात जातं, त्यामुळे त्यात प्लास्टिक किंवा सॅनिटरी पॅड अजिबात टाकू नका. बायकांनी कागदी पिशव्या जवळ ठेवाव्यात. भेटल्यावर "जुले" म्हणा. मटारची तोडणी चालू असेल तर शेतातून सायकल नेऊ नका, बांधावरून चाला.

काझ्याला पुन्हा दोन रात्री. सरकारी दवाखाना, बाजार, एटीएम सगळं इथे आहे. मोकळ्या दिवशी सामान खोलीत टाकून लांगझा आणि हिक्किमला जाऊन या. हिक्किमचं पोस्ट ऑफिस सुमारे ४,४०० मीटरवर आहे. तिथून घरी पत्र टाका आणि झोपायला काझ्यालाच उतरा.

जायचं कधी? माझं मत सप्टेंबर. जुलै-ऑगस्टमध्ये वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यात दरडी कोसळतात, जूनमध्ये कुंझुमवर बर्फ उरलेलं असू शकतं. सप्टेंबरमध्ये नाले उतरलेले असतात, आकाश स्वच्छ, फक्त रात्री कडाक्याची थंडी. भारतीयांना या रस्त्याला परमिट लागत नाही, पण ओळखपत्र जवळ हवं.

सायकल न्यायला कर्नाटक एक्स्प्रेस बरी, सोलापूरहून थेट नवी दिल्ली. आदल्या दिवशी पार्सल ऑफिसात तिकिटाची प्रत घेऊन जा. सायकलवर नाव, फोन, कुठून कुठे हे दोन ठिकाणी लिहा, पेडल काढून बॅगेत ठेवा. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, घड्याळाच्या दिशेने फिरवलं की सुटतं. दिल्लीहून सिमल्याला बस. कंडक्टरशी आधी बोला आणि दोरी स्वतःची न्या.

कुंझुम ओलांडून मनालीकडे उतरायचं की मागे फिरायचं, हा शेवटचा निर्णय काझ्याच्या पुढच्या लोसरला, सुमारे ४,०८० मीटरवर. तिथे चौकीवर आणि समोरून येणाऱ्या ड्रायव्हरांना कुंझुमबद्दल विचारा: खिंड उघडी आहे का, बातलच्या पुढे नाल्यांना पाणी किती आहे. बातलपासून ग्रांफूपर्यंतचा रस्ता दगडगोट्यांचा, मधे फक्त ढाबे. नाले सकाळी ओलांडायचे, कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं. तब्येत आणि हवा दोन्ही ठीक असतील तर पहाटे निघा. एक जरी गडबड असली तर काझ्याला परत या. तिथून रिकाँग पिओला हिमाचल परिवहनची बस जाते, सायकल टपावर बांधता येते. त्यासाठी परतीचं रेल्वे तिकीट काढताना तीन दिवस मोकळे ठेवा.