जुनी क्रोमची चाकं चमकवताय? या चुका टाळा

जुन्या गाडीचं क्रोमचं चाक माझ्यासमोर येतं, तेव्हा बऱ्याचदा गंजापेक्षा साफ करणाऱ्याच्या घाईनेच ते जास्त बिघडलेलं असतं. चुका दरवेळी त्याच, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक ॲसिडची. संडास धुण्याचं ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड, आणि जुना मुलामा उतरवायलाही तेच वापरतात! पोलादी रिमवर निकेलचा जाड थर असतो, कधी त्याखाली तांब्याचाही. वरचं क्रोम जेमतेम अर्धा मायक्रॉन, केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ. त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रं आणि भेगा असतात. तिथून ओल खाली पोलादापर्यंत उतरते आणि गंज वर येतो. ॲसिडही त्याच वाटेने आत शिरतं.

ओळखीतल्या एका मुलाला वडिलांची बंद पडलेली मोटरसायकल त्यांच्या वाढदिवसापर्यंत चकाचक करायची होती. मी त्याला दोन रविवार लागतील असं सांगितलं होतं. एका रात्री फोन आला, "काका, मागचं चाक दहा मिनिटांत चमकलं! तुम्ही उगाच घाबरवत होता." आठवड्याने ते चाक पाहिलं. रिमवर पिवळट झाक, म्हणजे क्रोम जाऊन निकेल उघडं पडलेलं. त्यावर तपकिरी ठिपक्यांची रांगोळी. आऱ्यांच्या निपलमध्ये, म्हणजे आरे रिमला घट्ट धरणाऱ्या छोट्या नटांमध्ये, ॲसिड मुरून राहिलं होतं, त्यामुळे निपल गंजून घट्ट बसले होते. त्याच बंद खोलीतले पाने-पक्कडसुद्धा वाफेने लालसर झाले होते. वडिलांनी इतकी वर्षं जपलेला मूळ मुलामा एका रात्रीत गेला, याचं मला आजही वाईट वाटतं. तिथे पॉलिशचा काही उपयोग नव्हता. आरे सोडवून रिमला पुन्हा मुलामा देणं एवढंच उरलं होतं.

पुढच्या चाकाला सुदैवाने त्याने अजून हात लावला नव्हता. ते आम्ही माझ्या पद्धतीने केलं. चाक थंड असताना, सावलीत, गाडी धुण्याच्या साध्या शाम्पूने आधी सगळी माती काढली. निपलभोवती जुना टूथब्रश. मग ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा साबणाच्या पाण्यात बुडवून गंजावर हलक्या हाताने फिरवला. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा कितीतरी मऊ असतं, त्यामुळे चरे पडण्याची भीती कमी. करडा-तपकिरी चिखल सुटला की पुसायचं, बघायचं, नवा बोळा घ्यायचा. जोर लावावासा वाटला की मी हात थांबवतो आणि तो भाग पुन्हा भिजवतो. तीन संध्याकाळ गेल्या. काही ठिकाणी बारीक खड्डे राहिलेच, कारण तिथला मुलामा आधीच गेला होता. ते कुठल्याही पॉलिशने भरत नाहीत.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे भांड्यांची तारेची घासणी. तिने बारीक चरे पडतात, वर तिचे तुकडे आऱ्यांच्या फटीत अडकून स्वतःच गंजतात. मग लोक म्हणतात, "गंज परत आला." पॉलिश पेपरचं तर नावच काढू नका.

चाक क्रोमचंच आहे ना, हेही आधी बघा. कोपऱ्यात थोडं मेटल पॉलिश घासून कापड काळं झालं, तर ते बहुधा उघडं ॲल्युमिनियम आहे. त्याची निगा वेगळी.

गाडी चालवून आल्या आल्या तापलेल्या चाकावर काहीही फवारू नका, ते जागीच वाळून डाग पडतात.

गंज सोडवणारं तेल किंवा मेण ब्रेकच्या डिस्कवर उडू देऊ नका. यात जीव जाऊ शकतो.

क्रोमचे सुटलेले पोपडे नखाने ओढू नका, ब्लेडसारखे कापतात. ट्यूबलेस टायरच्या कडेखाली पोपडे असतील तर हवा हळूहळू कमी होत राहते.

रिमची मागची बाजू बहुतेक जण सोडूनच देतात. ब्रेकची काळी भुकटी आणि ओल तिथेच साचते. मी सुरुवातच तिथून करतो.

धुऊन झालं की चाक हाताने जोरात फिरवून निपलमधलं पाणी झटकतो, कोरड्या मऊ कापडाने पुसतो आणि तासभर उघडंच ठेवतो. मग मेणाचा पातळ हात, आणि तो सुकला की दुसरा. गाडीवर कव्हर त्यानंतरच, कारण ओल्या चाकावर ते घातलं की आत दमट हवा कोंडते आणि पुन्हा ठिपके येतात.