विजेची उपकरणं पेटू नयेत म्हणून, आणि पेटलीच तर

सुरुवात मेन स्विचपासून करा. तो कुठे आहे आणि कसा पाडायचा, हे घरातल्या प्रत्येकाला, मोठ्या मुलांनाही ठाऊक हवं. अंधारातही हात पोचला पाहिजे, म्हणून त्याच्यापुढची खोकी आजच हलवा. कोणता एमसीबी (आपोआप पडून वीज तोडणारा छोटा स्विच) कोणत्या खोलीचा, ते चिकटवून ठेवा. आरसीसीबी (करंट गळू लागला की वीज तोडणारा स्विच) असेल तर त्यावरचं टेस्ट बटण दाबा. तो लगेच पडला नाही, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

मग सैल जोड शोधायचे. या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथेच माणसं गाफील राहतात. एमसीबी आहे, मग काळजी कसली, असं वाटतं. पण तो पडतो ते करंट मर्यादेबाहेर गेला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर. सॉकेटची पकड सैल झाली किंवा आतला स्क्रू ढिला पडला, की करंट वाढत नाही. त्या एका जागी अवरोध वाढतो आणि तेवढीच जागा तापत राहते. एमसीबीला याचा पत्ताच लागत नाही. प्लास्टिक आधी तपकिरी पडतं, मग वितळतं, मग पेटतं. म्हणून हीटर, इस्त्री, ओव्हन थोडा वेळ चालवून बंद करा आणि प्लगच्या बाहेरच्या प्लास्टिकला हात लावून बघा (पिनांना नको, त्या भाजतात). चटका बसत असेल, डाग दिसत असेल, चर्र आवाज किंवा जळका वास येत असेल, तर ते सॉकेट दुरुस्तीपर्यंत वापरायचं नाही. प्लग हलवून काम भागवणं तर मुळीच नको.

२००० वॉटचा हीटर २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर करंट ओढतो. त्याला ६ अँपिअरचं सॉकेट चालत नाही, एक्स्टेंशन बोर्डही नाही. करंट दुप्पट झाला की त्याच तारेत उष्णता चौपट होते. तार गुंडाळलेली असेल तर ती उष्णता बाहेरही पडत नाही.

फ्रिजमागची धूळ आणि ड्रायरच्या जाळीतला कपड्यांचा भुगा काढत राहा. उशीखाली, गादीवर चार्जिंग नको. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका, टोचू नका.

अग्निशामक घ्यायचा तो सीओटूचा (कार्बन डायऑक्साइड वायूचा) किंवा एबीसी पावडरचा. तो बाहेर पडायच्या वाटेवर टांगा, म्हणजे तो घेताना पाठीशी दार राहील. गेज (दाब दाखवणारी तबकडी) असेल तर काटा हिरव्या पट्ट्यात हवा. पिन ओढायची, नोझल ज्वाळांच्या बुडाशी धरायचं, दांडा दाबायचा, फवारा डावी-उजवीकडे फिरवायचा. छोटा सिलिंडर काही सेकंदांतच रिकामा होतो, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

प्रत्यक्ष आग लागली तर आधी वीज तोडा. प्लगपाशी ज्वाळा असतील तर त्याला हात न लावता मेन पाडा. वीज चालू असताना पाणी अजिबात नको. ओव्हन किंवा मायक्रोवेव्हमध्ये आग असेल तर दार बंदच ठेवा. हवा मिळाली की ती भडकते. आग कचऱ्याच्या डब्याएवढी होण्याआधीच आणि दाराची वाट मोकळी असेल तरच विझवायला थांबा. धूर भरला, किंवा लिथियम बॅटरी फुटून पेटली, तर सगळ्यांना घेऊन वाकून बाहेर पडा, दारं ओढून घ्या आणि बाहेरूनच अग्निशमन दलाला फोन करा. सामानासाठी परत आत जाऊ नका.

भाजलेल्या जागेवर २० मिनिटं वाहतं गार पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट लावू नका. विझलेलं उपकरण पुन्हा चालू करून बघायचं नाही. सॉकेट आणि भिंतीतली वायर इलेक्ट्रिशियनने तपासली, की मगच तिथली वीज सुरू करा.