कमरेला परवान्याचं रिव्हॉल्वर आणि पुढे नाकाबंदी

नाशिक शहर पोलिसांत हवालदार होतो तेव्हा रात्रीच्या नाकाबंदीवर मी खूप उभा राहिलो. आडगाव नाका, पाथर्डी फाटा, पेठ नाका. परवानाधारक माणसं तिथे भेटायचीच. कांद्याचे व्यापारी, सराफ, पेट्रोल पंपवाले, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले फौजी. बहुतेक सगळी सरळमार्गी. तरी अशा गाडीजवळ पोटात गोळा यायचा, कारण बाहेर उभ्या असलेल्या शिपायाला काचेतून तुमचा परवाना दिसत नाही, तुमचे हात दिसतात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: हत्यार दिसण्याआधी तुमचा शब्द त्याच्यापर्यंत पोचू द्या, आणि तो पोचेपर्यंत हात हलवू नका.

खरी तयारी घरून निघतानाच करायची असते. गाडीचे कागद आणि रिव्हॉल्वर डॅशबोर्डच्या एकाच खणात ठेवायची सवय फार जणांना आहे आणि तीच सगळ्यात घातक. समजा, शिपाई आरसी बुक मागतो. तुम्ही वाकून खण उघडता. टॉर्चचा झोत आत पडतो, इन्शुरन्सच्या घडीखालून नळी चमकते, आणि त्या क्षणी तुमची बोटं नळीपासून चार बोटांवर असतात. तुम्ही कागदच काढताय हे तुम्हाला ठाऊक असतं, त्याला नसतं. २०१६ चे शस्त्र नियमही सांगतात की सार्वजनिक जागी रिव्हॉल्वर होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात हवं. सीटखाली नुसतं सरकवून दिलेलं हत्यार यात बसत नाही.

तेव्हा हत्यार कमरेला, शस्त्र परवाना शर्टाच्या वरच्या खिशात. मूळ परवानाच ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १९ प्रमाणे पोलीस अधिकारी हत्यार बाळगणाऱ्याकडे परवाना मागू शकतो, आणि तो दाखवता आला नाही तर हत्यार जप्तही करू शकतो. गाडीचे कागद आणि लायसन्स डिजिलॉकरमध्ये चालतात; फोन समोर स्टँडवर लावलेला असला की खिशात हात घालायची वेळच येत नाही.

बॅरिकेड दिसलं की वेग कमी करा, हेडलाइटचा झोत खाली घ्या, आतला दिवा लावा. गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा, काच पूर्ण खाली घ्या आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा. सीट बेल्ट लगेच सोडू नका. बकल कमरेशीच असतं, बाहेरून ती हालचाल वेगळीच दिसते.

मग बोला, सावकाश. "साहेब, नमस्कार. माझ्याकडे शस्त्र परवाना आहे. रिव्हॉल्वर उजव्या कमरेला आहे, परवाना वरच्या खिशात. काढू का?" आधी परवान्याचा उल्लेख, मग हत्याराचा. हत्याराला 'घोडा', 'सामान' म्हणायचे गुंडांचे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. तो 'काढा' म्हणाला तरी काय काढू ते पुन्हा विचारा. परवाना म्हणतोय की रिव्हॉल्वर, हे पक्कं झाल्याशिवाय हात हलवू नका.

त्याने न विचारता हत्यार काढून दाखवू नका. "बघा, रिकामं आहे" म्हणत गाडीतच ते उघडू तर मुळीच नका. हत्यार पाहायचं असेल तर "मी खाली उतरतो, तुम्हीच काढून घ्या" असं सुचवा. तो परवान्यावरचा नंबर हत्याराशी ताडून बघेल, काडतुसं मोजेल. होऊ द्या. ओळखी सांगू नका, आवाज चढवू नका. हत्यार ठेवून घेतलं तर नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिलेली पावती किंवा पंचनाम्याची प्रत शांतपणे मागा. तो तुमचा हक्क आहे. हुज्जत घालायची असेल तर ती दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात, वरिष्ठांपुढे, लेखी अर्जाने घाला.

शेजारी वहिनी आणि मागे मुलं असतील तर त्यांनाही हे आधीच सांगून ठेवा. "पप्पांकडे बंदूक आहे!" असं पोरगं मागून ओरडलं की सगळंच अवघड होतं. ड्रायव्हर गाडी चालवत असेल तर बोलायचं हत्यारवाल्याने. आणि घोटीला चहाला उतरताना रिव्हॉल्वर ड्रायव्हरच्या भरवशावर गाडीत सोडू नका. रिटेनर म्हणून, म्हणजे तुमच्या वतीने हत्यार बाळगायची मुभा असलेला माणूस म्हणून, परवान्यावर त्याचं नाव नसेल तर गुन्हा त्याच्यावरही येतो आणि तुमच्यावरही.

परवान्यावरचं क्षेत्रही वाचा. नुसतं 'महाराष्ट्र राज्य' असेल तर वणीमार्गे सापुताऱ्याला फिरायला जाताना हत्यार घरी कुलपात राहू द्या, कारण सापुतारा गुजरातेत आहे. आता परवान्याची मुदत पाच वर्षांची असते आणि एवढ्या अवधीत तारीख हमखास विसरली जाते. दोन महिने आधीच नूतनीकरणाचा अर्ज टाका.

निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार जमा करायचा आदेश आला तर मुदतीत ठाण्यात जमा करा आणि पावती परवान्यासोबतच ठेवा. नाकाबंदीवर कुणी विचारलं, "परवाना आहे, मग हत्यार कुठंय?" तर ती पावती पुढे करायची.