मेळघाटात फिरायला जाताय? या चुका टाळा

चिखलदऱ्याचे पॉइंट पाहिले, रबडी खाल्ली की मेळघाट झाला, असं समजणारे खूप. सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे वळलं की खरा मेळघाट सुरू होतो आणि पर्यटकांचे घोळही.

सगळ्यात नेहमीचा घोळ म्हणजे किलोमीटर मोजून वेळ धरणे. घाटरस्ता आहे, पावसाळ्यात धुकं, अंधार पडला की वळणावर रानगवा उभा. टाकी परतवाड्यालाच फुल करा, रोख पैसे घ्या, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. पुढे रेंज कुठे जाईल सांगता येत नाही. घाट उतरताना ब्रेकचा जळका वास आला तर थांबा, ब्रेक थंड होऊ द्या, मग खालच्या गिअरमध्ये उतरा. रात्री गाडी बंद पडलीच तर पायी निघू नका. काचा लावून आत बसा, येणाऱ्या गाडीला लाइट दाखवा.

वाघ दिसला नाही म्हणून गाइडवर चिडणारेही असतात. १९७३-७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला खरा, पण हे डोंगरदऱ्यांचं दाट रान आहे. वाघच पाहायचा असेल तर सरळ ताडोबाला जा.

आता गावाचं. इथल्या कोरकू आदिवासींच्या गावात घरांच्या दोन रांगा समोरासमोर असतात, मधे रुंद मोकळी जागा. मोकळी दिसली की आपले लोक गाडी थेट आत घालतात. मार्च-एप्रिलात तिथे मोहफुलं वाळत पडलेली असतात, बायापोरांनी पहाटे उठून एकेक वेचलेली. चाक गेलं की त्या घरची कमाई मातीत. गाडी गावाबाहेर लावा, पण शेंदूर लावलेल्या दगडांजवळ नको. तो मुठवा, गावाचा देव आहे, त्याच्या ओट्यावर डबेही उघडू नका.

उघड्या पोरांचे फोटो काढून ‘कुपोषण’ लिहून टाकणं तर बंदच करा. आईला विचारलं का? चॉकलेटं उधळू नका. काही द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींना किंवा अंगणवाडीताईला भेटा. म्हाताऱ्या माणसांना मराठी समजली नाही तर आवाज चढवून उपयोग नाही. हिंदीत बोला, बहुतेक काम होतं.

होळीनंतर गेलात तर रस्त्यात फगवा, म्हणजे होळीचे पैसे, मागायला गाडी अडवतील. कामाला बाहेर गेलेली माणसं तेव्हा घरी आलेली असतात, वर्षाचा मोठा सण असतो. हुज्जत घालू नका, पोलिसांना फोन तर नकोच. दहा-वीसच्या नोटा वरच्या खिशात ठेवा.